वासुदेवरावांचा डोंगा

वासुदेवराव एस.टी.तून रिटायर झाले तेव्हा हिशेब सरळ होता. एकोणतीस वर्षं डायवरकी, दोन अपघात, दोन्ही म्हशींशी, आणि दोन्हींत चूक म्हशीची. घरी करमेना म्हणून त्यांनी दोन कुत्री पाळली. नावं कंडक्टर आणि चेकर. चेकर येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी हुंगायचा. कंडक्टर मनकर्णाबाईंच्या गादीवर निजायचा. चौऱ्याऐंशीच्या संक्रांतीला, हळदीकुंकवाच्या बायका बसलेल्या असताना, त्यानं तिळगुळाच्या ताटात तोंड घातलं. दुसऱ्याच दिवशी मनकर्णाबाई भावाच्या, बंडूजींच्या गावी निघून गेल्या.

रुसलेली बायको आणायला नवऱ्यानंच जायचं, अशी रीत. पण त्या गावाला एस.टी. एकच, आणि तिच्यावरचे डायवर-कंडक्टर सगळे जुने सोबती. त्या गाडीत बसणं म्हणजे वर्ध्याच्या स्टँडवर भोंगा लावणं. शेवटी वासुदेवरावांना घरामागचा कालवा आठवला. गव्हाला पाणी सुटलं होतं आणि कालवा थेट बंडूजींच्या गावापाशी संपत होता. डांबराच्या चार रिकाम्या ड्रमांवर त्यांनी गोठ्याचं जुनं दार बांधलं, झाला डोंगा. कुत्र्यांना मागे सांभाळणारं कोणी नव्हतं, म्हणून तीही वर चढली.

शेजारचा तानबा काठावरून ओरडला, "मामा, बायको आनाले चालले का कुत्रे दाखवाले?"

पाणी शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होतं. अंतर अकरा मैल. सकाळी निघालं तर चारला पोचायचं, हे वासुदेवरावांचं टाइमटेबल. चूक एकच झाली. गाव आलं की काठावरची कुत्री धावत यायची आणि इकडून कंडक्टर एकदाच भुंकायचा. आता एक घंटी म्हणजे थांबा, हे एकोणतीस वर्षं अंगात मुरलेलं. वासुदेवरावांचा हात आपोआप बांबू रोवून डोंगा काठाला लावायचा. कंडक्टर लागोपाठ दोनदा भुंकला की गाडी सुटायची. पाच गावं, पाच थांबे. तिसऱ्या गावी कंडक्टरला दुसरी घंटी द्यायला पाऊण तास लागला.

सहाला पाणी उतरलं. बंडूजींचं घर दिसत असताना डोंगा चिखलात बसला.

बंडूजी धावत आले. "भाऊजी, उतरा ना जी! घर ते काय समोर!"

"गाडी बंद पडली बंडूजी. डायवर गाडी सोडून जात नसते."

"पाणी बारा दिवसानं येते!"

"येऊ दे."

अर्धं गाव काठावर जमलं. शेवटी मनकर्णाबाई आल्या, पदर खोचून.

"काऊन आले?"

"तुले आनाले."

"मंग तिथं काय बसून राह्यले? तुमची गाडी मोठी का मी?"

वासुदेवरावांनी विचार केला. जरा जास्तच वेळ केला.

"सांगा ना!"

ते उतरले. गुडघ्यापर्यंत चिखल. एक चप्पल कालव्यानं ठेवून घेतली. मागून कुत्र्यांनीही उड्या टाकल्या आणि जमलेल्या गावाला चिखलाचे शिंतोडे वाटले.

मनकर्णाबाई हसल्या, पण 'चला' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "पाहू."

पाहण्यात चार दिवस गेले. जावयाला जा म्हणता येत नाही, आणि जावयासोबत आलेल्यांनाही नाही. बंडूजींची बायको शकुंतलाबाई सकाळी पुऱ्या तळत, संध्याकाळी वडे. चेकरनं त्यांचे डबे तपासले. कंडक्टरनं पाहुण्यांसाठी राखलेली गादी धरली. वासुदेवराव जेवून ढेकर देत आणि गव्हाबद्दल सल्ले देत.

पाचव्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई आंघोळ करून आल्या तर त्यांच्या लुगड्यांचं गाठोडं बांधून ओसरीवर ठेवलेलं. वर नारळ आणि खण.

"वन्सं, ओटी भरतो," शकुंतलाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तिकडं घर उघडं पडलं असंन, नाई?"

मनकर्णाबाईंनी भावजयीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो चौथी पुरी मागत होता.

"उठा जी," त्या म्हणाल्या. "इथं आता आपलं काई खरं नाई."