खुंटीवरचा माणूस

सावरटोलीच्या तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं, हे ठरवणारा पाणकर म्हणजे शालिकराम. गावात त्याच्यापेक्षा शिकलेले, जमीनवाले पुष्कळ. पण तुडुमाच्या खुंटीला हात लागायचा तो त्याचाच. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतलं, मातीच्या बांधातलं, पाणी सोडायचं तोंड, आणि त्यात ठोकलेली लाकडी खुंटी माणूस वर बसू शकेल एवढी जाड. हा मान त्याला आजोबांमुळे मिळाला होता, आणि मरून इतकी वर्षं झाल्यावर त्या आजोबांनीच त्याला घोळात घातलं.

गोष्ट साऱ्या गावाला पाठ. इंग्रजांच्या राज्यात इथला मालगुजार कुळांना वेठीला धरायचा. कुळांनी आधी त्याच्या बांधीत फुकट भाताचा रोवणा करायचा, मग लावणीचे पऱ्हे पिवळे पडल्यावर आपल्या. एका वर्षी पावसाने दडी मारली आणि कुळांनी ठरवलं, पुरे झालं. काठी उचलली नाही की शिवी दिली नाही. सगळे पाळीवर जाऊन बसले, आणि शालिकरामचा आजा मुखरू थेट खुंटीवर बसला. आता सोड म्हणावं पाणी. नऊ दिवस कोणी उठलं नाही, मुखरू तर नाहीच नाही, आणि मालगुजाराने वेठ सोडली. नऊ दिवस माणूस झोपला कुठे, बाकीचे विधी कुठे उरकले, हे विचारायचं नसतं. विचारलं की गाव रागावतं.

तेव्हापासून रोवण्याच्या आदल्या दिवशी पाळबसणी असते. सकाळपासून बारा वाजेपर्यंत गाव पाळीवर मुकाट बसतं, पाणकर खुंटीवर. उठायचं नाही. आणि लहान पोरांना आणायचं नाही. ते का, हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे पोरं गलका करतात, कोणी म्हणे नजर लागते.

यंदा निवृत्त मास्तर गुणवंतरावांनी पाळीवर दगड बसवायचं मनावर घेतलं. पाळबसणीच्या आदल्या दुपारी ते अंगणात येऊन मजकूर वाचून गेले: "मुखरू पाणकर. नऊ दिवस बसला. उठला नाही." शालिकरामची छाती वीतभर फुगली. गुरुजी फाटकाबाहेर पडले, आणि ओसरीवर तांदूळ निवडत असलेल्या कुंताआत्यानं सूप खाली ठेवलं. ती मुखरूची लेक, आता नव्वदी ओलांडलेली. आई गेल्यावर शालिकरामला तिनंच वाढवलं होतं.

"बाबा उठला होता," ती म्हणाली.

"काय म्हनते आत्या?"

"सा वर्साची होती मी. त्याच्यासाठी पेज घेऊन गेली पाळीवर. पाय घसरला, गेली पान्यात. बाबानं खुंटीवरून उडी मारली. त्याच्यामांगं सारी पाळ धावली. तेवढ्यात मालगुजाराच्या मानसायनं खुंटी उपटली. पानी गेलं त्याच्या बांधीत."

शालिकराम तिच्यासमोर उकिडवा बसला. "मंग आपन जिकलो कसे?"

"पानी गेलं, पन रोवाले कोनी गेलं नाई. भरल्या बांध्या तशाच राह्यल्या. तवा त्यानं वेठ सोडली."

"मंग हे कोनी सांगितलं काऊन नाई?"

"सारेच उठले होते. कोन कोनाचं सांगन? मले साऱ्यायनं म्हनलं, पोरी, तू बोलू नोको. नाई बोलली. बाबा बी घरात कधी बोलला नाई. मले वाटे, माह्यामुळं त्याची मान खाली गेली."

एवढं बोलून तिनं सूप परत उचललं, जणू काही झालंच नाही.

शालिकरामच्या डोक्याचा पार भुगा झाला. आजा उठला म्हणून आत्या वाचली. आत्या वाचली म्हणून त्याला कोणीतरी भरवलं, न्हाऊ घातलं. पण आजा उठला, तर खुंटीवरचा मान कशाचा? आणि लढाई जर शेतात न जाण्यानं जिंकली, तर गाव दरवर्षी अर्धा दिवस पाळीवर बूड टेकून करतं तरी काय? त्याला आत्याचा रागही आला. इतकी वर्षं गप्प राहिलीस, आणखी एक दिवस राहायला काय झालं होतं? मग त्या रागाचीच त्याला लाज वाटली.

चपला अडकवून तो गुणवंतरावांकडे गेला. "गुरुजी, दगडावर नुसतं नाव ठेवलं तर नाई चालनार?"

"दगड वडशाहून कोरून आला, शालिकराम. आणि 'उठला नाही' काढलं, तर उरतं काय?"

यावर सांगण्यासारखं होतं, पण ते ओठापर्यंत आलं आणि तिथंच अडलं. सांगितलं तर मान जाईल, कदाचित खुंटीही जाईल. शालिकराम चहा पिऊन, उद्या कोणता सदरा घालायचा ते ऐकून घरी परतला.

"सांगू का गावाले?" त्यानं आत्याला विचारलं.

"मले काय इचारतं? पानकर तू हायेस." थोडं थांबून ती म्हणाली, "उद्या मले पाळीवर ने." पाण्यात पडली तेव्हापासून ती एकदाही पाळीवर गेली नव्हती, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

सकाळी तिला खुर्चीत बसवून, खुर्ची उचलूनच पाळीवर नेलं. तिच्या वयाचं सगळ्यांना कौतुक. शालिकराम खुंटीवर बसला. खाली पाणी, वर ऊन. साडेदहाला गुणवंतरावांनी दगडावरचं कापड काढलं. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तिच्यासाठी मोठ्यानं वाचलं. "उठला नाही" वर जरा जास्तच जोर दिला.

दगड वाचायची मुभा सोडली, तर पाळबसणीत बोलायचं नसतं. आत्या बोलली.

"मंग मले पान्यातून कोनं काढलं, गुरुजी?"

गुणवंतराव हसले. म्हातारी भ्रमात आहे, असं त्यांना वाटलं असावं. चारदोन जणांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणालाच काही कळलं नाही. आत्याची नजर मात्र मास्तरांवर नव्हतीच. ती शालिकरामकडे पाहत होती. पंच्याऐंशी वर्षं ती हाच प्रश्न घेऊन बसली होती, आणि उत्तर देऊ शकणारा एकच माणूस पाळीवर होता.

आपण आज्याचं नाव राखतोय की घालवतोय, हे शालिकरामला तेव्हाही नीट कळलं नाही. बाराला अजून दीड तास होता. तो खुंटीवरून उठला, साऱ्या गावादेखत आत्याजवळ गेला आणि तिचा हात धरला.

"आज्यानं काढलं," तो म्हणाला. "तो उठला होता."