निळ्या तंबूपुढचं स्टूल

बावीस वर्षं शेखर देवळाली कॅम्पातल्या आपल्या स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे माणसं बसवत आला होता. जवान, जवानांच्या बायका, त्यांची रडकी पोरं; सगळ्यांना एकच मंत्र: हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका. लग्नाकार्यात कुणी त्याची ‘फोटोग्राफर’ अशी ओळख करून दिली, की मेहुणा हटकून दुरुस्ती करायचा, “पासफोटो काढतात हो आमचे दाजी.”

नाशिकच्या एका संस्थेने ‘माणसाविना निसर्ग’ अशी स्पर्धा जाहीर केली, तेव्हा शेखरला तो विषय खास आपल्यासाठीच काढल्यासारखा वाटला. निवडलेली छायाचित्रं प्रदर्शनात लागणार होती. उद्घाटनाला मेहुण्याला कुठल्या खुर्चीवर बसवायचं, हेही त्याने ठरवून टाकलं. मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत. शुक्रवारी संध्याकाळी तो जीवनला घेऊन हरसूलच्या पुढे एका डोंगराच्या धारेवर मुक्कामाला गेला. जीवन त्याचा शाळेपासूनचा मित्र. तंबू, स्टूल, स्टोव्ह सगळं त्याचंच. तंबू आकाशी निळा होता.

शनिवारी उजाडताना दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. शेखरने तिकाटण्यावर कॅमेरा लावला आणि श्वास रोखून सूर्याची वाट बघत उभा राहिला.

“फोटोवाले तुमीच का?”

मागे काठी टेकत एक म्हातारी उभी होती. तिच्यामागे पायवाटेवर वीस-पंचवीस माणसं.

“काल सांजंला खालून निळा पडदा दिसला,” ती म्हणाली. “म्हनलं, यंदा सरकारनं फोटोवाला वरच धाडला.”

म्हातारीचं नाव भागीबाई. तिच्याबरोबरच्या गोटीरामने खुलासा केला. गावातल्यांचे सरकारी फॉर्म तोच भरून द्यायचा. आज हरसूलला शिबिर होतं. मागच्या खेपेला मोबाइलवर काढलेले सगळे फोटो परत आले होते. कुणाच्या मागे आंबा, कुणाच्या मागे म्हैस. “मागं निळंच पायजे म्हनत्यात, साहेब. आन् हरसूलचा फोटोवाला गेलाय लग्नाच्या आर्डरीवर.”

“मी पासफोटो काढत नाही,” शेखर म्हणाला.

“काढतो की!” तंबूतून जीवनने डोकं बाहेर काढलं. “कॅम्पात दुकान आहे त्याचं.”

शेखरने त्याच्याकडे असं पाहिलं, की ते डोकं परत आत गेलं.

“आजी, सूर्य निघू द्या. मग बघू.”

“सूर्य उद्या बी निगंल, भाऊ. साहेब उद्या नाय यायचा.” एवढं बोलून भागीबाई तंबूपुढच्या स्टुलावर बसल्यासुद्धा.

शेखरने ठरवलं असतं तर तोंड फिरवून दरीकडे बघता आलं असतं. पण म्हातारी वाकडी बसली होती, पदराने कान झाकले होते आणि मागच्या कापडाला ही भली मोठी सुरकुती होती. हे काही त्याला बघवेना.

“जीवन, ते कापड ताण जरा. आजी, क्षणभर उठा, उजेड बघतो.”

नंबर जाईल या धास्तीने भागीबाई जेमतेम वीतभर सरकल्या. शेखरने रिकाम्या स्टुलाचा एक फोटो काढून पाहिला. उजेड छान होता. मग त्याने मंत्र सुरू केला. “हनुवटी खाली. कान दिसू द्या. हसू नका.”

शेवटचा चेहरा टिपून त्याने मागे पाहिलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. धुकं केव्हाच उडालं होतं. दरीत रस्ता, विजेचे खांब आणि पाण्याची टाकी लख्ख दिसत होती.

गोटीरामने फोटो आपल्या मोबाइलवर उतरवून घेतले आणि पहिली जीप भरून नेली. अकरा वाजता शेखर कॅमेऱ्यातले फोटो पुन्हा चाळत बसला. चेहरे, चेहरे आणि चेहरे. माणूस नसलेला एकच: रिकामं स्टूल, निळं कापड आणि दोन्ही बाजूंनी धुकं. बरा होता. निदान इतर कुणी असलं काही पाठवणार नाही, असं म्हणून त्याने मोबाइलवर अर्ज उघडला. शेवटचा रकाना होता: ‘स्पर्धकाचे छायाचित्र, पार्श्वभूमी निळी.’

जीवन पोट धरून हसला. शेखर निमूट स्टुलावर बसला.

दुसऱ्या जीपची वाट बघत भागीबाई तिथेच सावलीला टेकल्या होत्या. त्यांनी काठी उचलली. “हनुवटी खाली घ्या, भाऊ. कान दिसू द्या. आन् त्वांड कशाला पाडलं? फॉर्म परत यील.”

जीवनने बटण दाबलं.

आठवड्याने संस्थेचं उत्तर आलं. प्रवेशिका बाद. कारण: चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात मानवी पायाचा अंगठा. त्याखाली दुसरी ओळ होती: स्पर्धकाचे छायाचित्र नियमानुसार आहे.

शेखरने स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर फोटो लावून पाहिला. अंगठा होता. भेगाळलेला, ऐटदार, शेजारी काठीचं टोक.

त्याच संध्याकाळी गोटीरामचा मेसेज आला: ‘साहेब, सगळे फॉर्म पास. एक पण फोटो परत नाही. भागीबाई विचारतात, तुमचा काय झाला?’

शेखरने लिहिलं, ‘माझाही फोटो पास झाला,’ आणि बाकावर ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला पडद्यापुढे बोलावलं.