शेवटची पिन

माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून निघणारं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे "बरंय". लग्न ठरलं तेव्हा वहिनीबद्दलही त्याने एवढंच मत दिलं होतं आणि वहिनी ते अजून चारचौघांत मिरवते.

दादाच्या वर्कशॉपमध्ये एका जुन्या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक होता. इंजिन दादानेच बांधलेलं, गाडी जिंकलेलीही. पुढे गाडी भंगारात गेली, ब्लॉक दादाने ठेवून घेतला. आता वर्कशॉप माझी पुतणी चालवते. तिला सिलिंडर कोरायचं नवं बोअरिंग मशीन हवं होतं, म्हणून ब्लॉक विकायचा ठरला. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ घ्यायला तयार झाले. अट एकच: ब्लॉक तपासून किंमत पुतणीने ठरवायची.

"अहो, ती विकणाऱ्याची मुलगी आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच. ती बापालाही सोडत नाही, असं बापच सांगत फिरतो."

तपासणीच्या दिवशी ब्लॉक निळाशार चकाकत होता. दादाने आदल्या दिवशीच रंग मारला होता. पुतणीने बापाकडे नुसतं पाहिलं.

"गंजला असता," दादा छताकडे बघत म्हणाला.

"इतकी वर्षं नाही गंजला, तो नेमका काल गंजणार होता?"

तिने ब्लॉकवरचा नंबर घासून वाचला. जुळला. सिलिंडरच्या आत गेज फिरवून झीज मोजली. नगण्य. गृहस्थ खुलले. मी मनातल्या मनात नवं मशीन कोपऱ्यात बसवूनही टाकलं. मग तिने चिंधी थिनरमध्ये बुडवली, एका बाजूचा निळा पुसून काढला, चुंबक लावलं आणि वर लोखंडाची भुकटी भुरभुरली. भुकटी बारीक बारीक गोलांत जमली. एकाला एक चिकटलेले गोल, मण्यांच्या सरासारखे.

"चीर आहे. पिना ठोकून शिवलीय. कुणाचं काम हे, बाबा?"

"असेल कुणाचं तरी."

गृहस्थांचा चेहरा उतरला.

"ज्याचं असेल त्याचं," पुतणी वाकून बघत म्हणाली, "पण हात कच्चा होता. शेवटची पिन तिरकी गेलीय."

"तिरकी?" दादा स्टूल पाडून उठला. "भिंग आण! एकेक पिन शेजारच्या पिनेत दात रोवून बसवलीय. वर कानस अशी मारली की नख अडकणार नाही! तिरकी म्हणे!"

आणि त्याने जीभ चावली. आम्ही तिघेही त्याच्याकडे बघत होतो.

"सरळच आहे," पुतणी म्हणाली. "मला कारागीर पकडायचा होता."

किंमत तिने चांगलीच खाली आणली. गृहस्थांनी ब्लॉक नेला, नव्याऐवजी वापरलेलं मशीन आलं. दादाने पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याचं भांडण तपासणीच्या अहवालातल्या एका ओळीवरून होतं.

"दुरुस्ती उत्तम, असं लिही."

"काय लिहायचं ते मी ठरवणार."

तिने लिहिलं, "दुरुस्ती: बरी." दादाने ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

तेव्हापासून तो येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सांगतो, "भल्याभल्यांनी पाहिला तो ब्लॉक. एकालाही दिसली नाही चीर. हिने पकडलं मला!"

परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मुलगी कामाला कशी आहे?"

दादाने बराच विचार केला.

"चांगली आहे," तो म्हणाला.

वहिनी तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाही.