भिंतीजवळ मला फिरता येत न्हाई

मी दांडा बोलतोय. बोलायची हौस न्हाई, बोलायला लावलंय. वरून खाली पडणाऱ्यानं सांगायचं तरी कधी? श्वास घेईस्तोवर तळ येतो.

विटांच्या खेळाचा हातात मावणारा करडा डबा असतो ना, त्यात मी राहतो. चार चौकोन, एकावर एक. उजवं बटण दाबलं की आडवा, परत दाबलं की उभा. पण फिरायला बाजूला जागा लागती. भिंतीला चिकटल्यावर जमत न्हाई. मोबाईलमधले दांडे म्हणं आपोआप सरकून फिरतात. असतील. लाडावलेले!

नारायणगडच्या जत्रेतून मला उमापूरला आणलं, पारूबाईसाठी. लकव्यानं तिचा उजवा हात गेलता. डॉक्टर म्हणले, अंगठा हलता ठेवा, न्हाईतर कायमचा आखडंल. तवापासून मला एकच घोर. मी फिरलो, म्हणजे तिचा अंगठा हलला.

मागच्या आठवड्यात उजव्या भिंतीलगत तळाच्या ओळीत शेजारशेजारची चार घरं रिकामी होती, मी आडवा बसंन अशी. मी वरून उभा निघालो. नवरा शहादेव शेजारीच. नातीच्या मोबाईलवर खेळतो, म्हणून शहाणा.

"अगं, आधी भिंतीला लाव, मग फिरव!"

"आधी फिरवते की."

"ऐक माझं!"

तिनं ऐकलं. मग बटण दाबलं. तीनदा. चांगलं दाबलं, मला कळलं ना! पण मी फिरू कुठं? उभाच आदळलो.

"अंगठ्यात जीवच न्हाई तुझ्या," शहादेव म्हणला. "अन् ह्यो दांडा बी मेलेला."

पारूबाईनं डबा उशीखाली सारला. आठ दिवस तिथंच. वर तिचा हात पडलेला असायचा, अंगठा मुठीत वळत चाललेला. मला आतून ओरडावं वाटायचं.

काल शहादेवनं डबा काढला. मला भिंतीला लावलं, आपल्या धडधाकट अंगठ्यानं दाबलं. फिरलो न्हाई. बटण मोडंल इतकं दाबलं. न्हाईच फिरलो. मग डबा तिच्या हातात दिला.

"घे. खेळ."

बस, एवढंच.

मी पडायला लागलो. अंगठा बटणावर. भिंत जवळ येतीय. दाब गं बाई, आत्ता दाब!

दाबलं. आडवा झालो, सरकलो, बसलो. ओळ भरली अन् गेली.

"बगितलं?" पारूबाई म्हणली. "आधी फिरवायचं असतं."



आता परत वरून पडतोय. अंगठा उद्या हलंल का, ही धास्ती हायच. पण तिला अन् मला मेलेलं म्हणला, त्याची माफी अजून बाकी हाय. मागायची कुणी? त्या शहादेवनं.