वन्संची खोली

टेलरबाईला क्षय झाल्याचं कळलं त्याच दिवशी तिचं अंथरूण मागच्या खोलीत गेलं. खोली हवेशीर होती, खिडकी मोठी होती, आणि खेळती हवा हवी असं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलंच होतं. तेव्हा वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. फक्त ती खोली नवऱ्याच्या थोरल्या बहिणीची होती, आणि ती बहीण तिथेच गेली होती. टेलरबाईनं आपल्या या नणंदेला कधी पाहिलं नव्हतं. लग्नानंतर एकदा विचारलं, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, की अशक्तपणा होता. पुढे तो विषय घरात निघाला नाही.

शिलाई मशीन पुढच्या खोलीतच राहिलं. गिऱ्हाइकं एकेक करून येत, "तशी घाई नव्हतीच काही" म्हणत आणि न बेतलेलं कापड परत नेत. एकीनं तर पायरीवर उभं राहून कापड झटकलं आणि मग घडी घातली. हे टेलरबाईला आतून ऐकू आलं. कापड झटकल्याचा आवाज तिला न ओळखू यायला काय झालं होतं?

गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी होईल, घाबरू नका, असं नर्सबाई म्हणाल्या, तेव्हा टेलरबाईनं विचारलं, "रंग पक्का आहे ना? कपड्याला लागला तर जायचा नाही." नर्सबाई हसल्या. पण तो शेवटचाच विनोद. पुढे मळमळ, तोंडाला लोखंडासारखी चव, सांधे असे दुखायचे की सुईत दोरा ओवायलासुद्धा बोटं वळेनात. अंगावरचे कपडे ढगळ झाले. तिनं ते उसवून आत घेतले, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा आत घ्यावे लागले.

सासूबाई दाराबाहेरच्या स्टुलावर ताट ठेवून बोटानं टकटक करत आणि निघून जात. लेकीला मावशीकडे पाठवलं होतं. नवरा बसवर ड्रायव्हर. ड्युटी संपली की तो मागच्या गल्लीत येऊन खिडकीबाहेर उभा राहायचा आणि दिवसभराच्या प्रवाशांच्या गमती सांगायचा. तसा तो मुळात घुमा. इतक्या वर्षांच्या संसारात तो तिच्याशी एवढं कधी बोलला नव्हता. आता मध्ये भिंत आली आणि त्याला वाचा फुटली.

दुपारचा खोकला तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो आपलाच प्रतिध्वनी असेल असं तिला वाटलं. ती खोकायची, आणि क्षणभरानं भिंतीपलीकडे कुणीतरी खोकायचं. तोंड दाबून, चोरून खोकल्यासारखं. घरात त्या वेळी कुणी नसायचं, सासूबाई दुपारी शेजारी बसायला जात. एकदा तिनं आपली उबळ मुद्दाम दाबून धरली. छाती फुटेल असं वाटेपर्यंत धरली. भिंतीपलीकडचा खोकला तरीही आला.

तिनं नवऱ्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"ताई असंच खोकायची," तो खिडकीचा गज धरून म्हणाला. "उशीत तोंड खुपसून. पाहुण्यांना कळू नये म्हणून." मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "हे मला परत सांगू नकोस."

त्यानंतर टेलरबाई त्या भिंतीकडे पाठ करून झोपायला लागली, पण पाठ केली की जास्तच भीती वाटायची. कॉटवरच्या खोलगट जागेत आपलं अंग कसं बरोबर बसतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. ती जागा कुणाच्या मापाची होती हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आणि मग एका संध्याकाळी दाराबाहेर सासूबाईंचा आवाज आला, अगदी मऊ. "चिमे, पाणी हवंय का गं?"

चिमी हे वन्संचं घरातलं नाव. टेलरबाई गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. ती म्हणाली, "हो. द्या."

बाहेर स्टूल बाजूला सरकल्याचा आवाज आला. मग दार बाहेरून उघडलं. ती आजारी पडल्यापासून प्रथमच. सासूबाई पेला घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या, आणि लेकीच्या अंथरुणात कुणी परकी बाई शिरावी तशा तिच्याकडे बघत होत्या. पेला जमिनीवर ठेवून त्या भिंतीला धरत निघून गेल्या.

यथावकाश थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. नर्सबाई घरी आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, की आता हिच्यापासून कुणाला धोका नाही, एकत्र जेवा, मुलीला घेऊन या. सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळचं ताट स्टुलावरच आलं. मुलीच्या शाळेचं नुकसान नको, असं मावशीकडून कळलं. दार आता उघडंच असायचं, पण टेलरबाईही बाहेर पडली नाही. उंबऱ्यापर्यंत यायची आणि परत कॉटवर जाऊन बसायची.

नर्सबाईंनी घरातल्या सगळ्यांना तपासणीला बोलावलं होतं. ड्रायव्हर जाऊन आला, मुलीलाही मावशीनं नेऊन आणलं. सासूबाई तेवढ्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "मला काय धाड भरलीये?"

त्यानंतरच्याच एका दुपारी भिंतीपलीकडे खोकल्याची अशी उबळ आली की थांबेना. टेलरबाई उठली. भीती होतीच, पण आता तिला भीतीचाही कंटाळा आला होता. भिंतीला धरून ती बोळातून अडगळीच्या खोलीपाशी गेली आणि दार ढकललं.

ट्रंकांच्या मधे सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. टॉवेलचा बोळा तोंडात कोंबलेला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

टेलरबाई तिथेच ट्रंकेवर टेकली. उबळ ओसरू दिली. मग विचारलं, "कधीपासून?"

"तुझ्या आधीपासून," सासूबाई म्हणाल्या.

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. आपल्याला काय झालंय ते त्यांनी ओळखलं होतं, लेकीचा खोकला ऐकलेला होता ना. पण सांगितलं असतं तर त्या खोलीत जावं लागलं असतं. चिमी आत असताना त्या एकदाही आत गेल्या नव्हत्या. धाकटा मुलगा लहान आहे, त्याला लागण होईल, असं चिमीच्या वडिलांनी बजावलं होतं. म्हणून त्या इथे, भिंतीच्या या बाजूला येऊन बसायच्या. ती खोकली की पाणी हवंय का विचारायच्या. ती नको म्हणायची. एके दिवशी ती काहीच बोलली नाही, आणि यांना वाटलं, झोप लागली असेल.

टेलरबाईला त्यांची दया यायला हवी होती. पण आधी आला तो राग.

"आई, माझी लेक मला इतके दिवस भेटली नाही," ती म्हणाली. "तुमच्यामुळे."

सासूबाईंनी मान खाली घातली. टेलरबाई उठून तडक पुढच्या खोलीत गेली आणि मशीनवर बसली. शिवायला काही नव्हतं. अंधार पडेपर्यंत ती नुसतंच पायडल मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तीच सासूबाईंना दवाखान्यात घेऊन निघाली. योगायोगानं बस नवऱ्याचीच आली. तोंडाला मास्क लावून आई आणि बायको एकमेकींना धरून चढताना त्यानं आरशात पाहिलं. सबंध रस्ताभर त्यानं एकदाही हॉर्न वाजवला नाही.

तपासणीत जे निघायचं तेच निघालं. घरी आल्यावर सासूबाई आपली वळकटी उचलून मुकाट्यानं मागच्या खोलीकडे निघाल्या. टेलरबाईनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली, पुढच्या खोलीत मशीनशेजारी पसरली आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. "मास्क लावायचा आणि इथेच झोपायचं," ती म्हणाली. "मशीनच्या आवाजानं झोपमोड झाली तर माझ्याकडे तक्रार आणायची नाही."

राग गेला होता असं नाही. राग ठेवूनच ती त्यांना गोळ्या देत होती, अंडं सोलून देत होती, पाय चेपून देत होती.

हळूहळू सासूबाईंचा खोकला थांबला. मग एका दुपारी त्या छताकडे बघत म्हणाल्या, "घर फार गप्प झालंय गं. खोकले ना, की वाटायचं, तीच खोकतेय. आता कुणीच नाही."

टेलरबाई तुरपाई करत राहिली. थोडी गिऱ्हाइकं परत आली होती, बरीचशी आली नव्हती. तिचा स्वतःचा कोर्स संपला होता, पण फुफ्फुसावर व्रण राहिला होता. जिना चढताना मध्येच थांबावं लागे. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही बऱ्या झालात. ती हो म्हणाली.

शाळेला सुट्टी लागली तशी लेक आली. उंच झाली होती, फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला होता, आणि ते आईच्या नजरेला सगळ्यात आधी दिसलं. मुलगी दारातच थबकली. आजीकडे बघून घेतलं, मग आईकडे.

"आई, जवळ येऊ का?"

टेलरबाईनं तोंडावर हात धरला, आणि मग म्हणाली, "ये."