एरियल मोडलेला रेडिओ बोलतो

मी रेडिओ आहे. बोलणं हाच माझा धंदा, पण आजवर बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतोय आणि रागानं सांगतोय. आवाज चढला तर लगेच बटण पिरगाळू नका.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते हैदराबादच्या एका दुकानातलं काचेचं कपाट आणि त्यात डोकावणारा देवीलाल. पांढरकवड्याजवळच्या तांड्यावरचा हा बंजारा गडी. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख हिंडायचे, हा ट्रकमध्ये कापसाच्या गाठी घालून हिंडायचा. त्यानं मला उचललं, माझं एरियल ओढून लांब केलं आणि यात दूरचं लागतं का, एवढंच विचारलं. समुद्रापलीकडचंही लागतं, असं दुकानदार म्हणाला. झालं. मी त्याच्या ट्रकमध्ये चढलो.

गावाजवळची केंद्रं माझ्या पोटातल्या चुंबकी कांडीवरच येतात, एरियल नसलं तरी. शॉर्टवेव्हवरच्या दूरच्या आवाजांना मात्र एरियल लागतं. ते कुठं वळवलं की कोणता देश बोलू लागतो, हे देवीलालला तोंडपाठ होतं. ढाब्यावर खाटेवर पडून तो परक्या भाषासुद्धा ऐकायचा. एकदा त्याच्या क्लीनरनं विचारलं, "समजत नाई तं आयकता कायले?"

"समजत नाई," देवीलाल म्हणाला, "पण तिकडं बी कोनी बोलून राह्यलं ना. आयकाले काय जाते?"

असा माझा धनी. मी त्याला अरेतुरे करतो, इतक्या वर्षांची संगत आहे.

ट्रक सुटला तशी त्यानं शेती धरली. बायको गेली. मुलगा सुनील आणि सून ममता यांच्यासोबत तो राहू लागला. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट, खिडकीत मी. आणि मग दोन पावसाळ्यांपूर्वी त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

इथून माझा राग सुरू होतो.

वाचा गेली होती, कान नव्हेत. डोकं तर मुळीच नव्हे. डाव्या अंगठ्यानं तो माझा काटा केसभर फिरवायचा आणि बरोबर केंद्रावर आणून थांबवायचा. ज्याचं डोकं गेलं त्याला हे जमेल का? पण लोक म्हणाले, "सवयीनं चालते हात." भेटायला येणारे त्याच्या खाटेवर बसून त्याच्याच आजाराबद्दल सुनीलशी बोलायचे. "आता काई समजत नसन यायले," असं त्याच्या तोंडावर म्हणायचे. चहा प्यायचे आणि जायचे. मी वस्तू आहे, माझ्यासमोर कुणी काहीही बोलावं. पण माणसाला वस्तूत जमा करायला यांना इतकासा वेळ लागला.

या वर्षी सुनीलच्या मनात किराणा दुकान आलं. पुढच्या खोलीला रस्त्याकडं दार आहे, म्हणून दुकान तिथंच घालायचं. आणि बाप? मागं गोठा आहे. बैल विकल्यापासून रिकामाच आहे. नवराबायकोनं हे खाटेच्या पायथ्याशी उभं राहून ठरवलं.

"मामाजीले तिकडं करमन का?" ममतानं सासऱ्याकडं बघत विचारलं.

"त्यायले काय समजते, इथं हाये का तिथं हाये," सुनील म्हणाला.

देवीलालचा डावा हात माझ्यावर होता. त्यानं माझी कड घट्ट धरली, ते फक्त मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सुनीलनं आणि शेजारच्या घनश्यामनं खाट उचलली. माणूस खाटेवर, मी माणसाच्या छातीवर, एरियल पूर्ण उघडलेलं. देवीलाल घशातून काहीतरी ओरडत होता. सांगत होता की थांबा, ते मिटवा. खाट दारात तिरपी झाली, एरियल चौकटीत अडकलं आणि कडकन मोडलं. बुडाशी बोटभर खुंट राहिला. बाकीची दांडी उंबऱ्यावर पडली आणि घनश्यामचा पाय तिच्यावर पडला. कुणी थांबलं नाही. "बा उगाच ओरडून राह्यले," असं म्हणत त्यांनी खाट गोठ्यात नेऊन टेकवली.

गोठा झाडलेला होता, खोटं कशाला बोलू. पण भिंतीत अजून दावणीचे खुंटे होते. सुनीलनं मला चालू केलं. काटा शॉर्टवेव्हवरच होता, माझ्यातून नुसती खरखर आली. "चालू तं हाये," असं म्हणून तो निघून गेला. खरखरीला चालू म्हणतात. श्वास घेणाऱ्याला जिवंत म्हणतात, तसंच ते.

देवीलालनं मला बंद केलं आणि जेवण सोडलं.

ममता घास पुढं करायची, तो तोंड फिरवायचा. लहान लेकरू खेळणं पाहिजे म्हणून रुसतं तसं तिला ते वाटलं. म्हणून ती त्याच्या औषधासाठी पांढरकवड्याला गेली तेव्हा पिशवीत मलाही घेऊन गेली. तिच्याही मनात त्याचं डोकं गेलेलंच होतं, हे मी विसरलेलो नाही.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसानं मला हातसुद्धा लावला नाही. "कायले आनलं ताई हे? मोबाइलमधी सगळं येते."

"सासऱ्यायले हेच पायजे."

"याचं एरियल आता भेटत नाई. ठेवा घरी शोपीस म्हनून."

शोपीस. ज्यानं देवीलालला समुद्रापलीकडची माणसं ऐकवली, तो शोपीस. माझ्यात सेल होते, पण त्याला चार शब्द सुनावायला तोंड कुठं होतं?

ममता मात्र हलली नाही. एरियलच्या जागी तार लावली तर चालेल का, असं तिनं विचारलं. त्यानं खांदे उडवले आणि टाकाऊ चार्जरची एक लांब तार कापून तिच्या हातात दिली.

परत आल्यावर ती गोठ्यात खाटेशी बसली. माझ्या खुंटाला तारेचं टोक गुंडाळलं, दुसरं टोक छपराच्या वाशाला बांधलं. बटण फिरवलं. पुन्हा तीच खरखर. तिनं तार घट्ट केली. खरखर.

तेवढ्यात देवीलालनं डावा हात उचलला. तारेवर नख टेकवून तो खरवडू लागला. मग ती तार त्यानं दातांशी नेली. ममतानं ती ओढून घेतली. "मामाजी, तोंडात नका घालू."

त्यानं पुन्हा नख तारेवर टेकवलं आणि तिच्याकडं रोखून बघितलं. नखानं एकाच जागी खरवडत राहिला. प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटली.

ममता त्या रेघेकडं बघत राहिली. "वरचं सोलाचं हाये का?" तिनं हळूच विचारलं. "आतली तांब्याची तार खुंटाले लागली पायजे?"

देवीलालनं डोळे मिटले आणि उघडले.

तिनं विळ्यानं तार सोलली. त्यानं खुंटाकडं बोट केलं, तिनं तोही घासून लख्ख केला. तांबं धातूला भिडलं. त्यानं काटा जरासा फिरवला, आणि माझ्यातून कुठल्याशा दूर देशातली बाई स्वच्छ हिंदीत बातम्या सांगू लागली.

ममताला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. तिचा चेहरा उतरला होता. तिनं माझा आवाज कमी केला आणि त्याचा हात हातात घेतला. "मामाजी, मी बोलते ते समजते का? समजत असन तं हात दाबा."

त्यानं दाबला.

"पयलेपासून समजते?"

त्यानं पुन्हा दाबला. दोन पावसाळ्यांत त्याच्यासमोर काय काय बोललं गेलं, ते तिला एकेक आठवत असावं. ती उठून त्याचं ताट घेऊन आली, आणि या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही.

संध्याकाळी सुनील शेतातून आला तसं तिनं त्याला गोठ्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्याला पटेना. "हात तं असाच हालते त्यायचा. बा, मी कोन हाये सांगा बरं?"

देवीलालनं हात दाबला नाही. तोंड भिंतीकडं फिरवलं. मला फार बरं वाटलं.

"असं इचारते का कोनी बापाले?" ममता म्हणाली. "जे इचारायचं ते सरळ इचारा."

सुनील खाली बसला. त्याची नजर भिंतीतल्या खुंट्यांवरून फिरली आणि खाली आली. "बा," तो म्हणाला, "तुमाले इथं आनलं, ते तुमाले मंजूर होतं का?"

भिंतीकडं फिरवलेलं तोंड हळूहळू परत आलं. देवीलालनं नकारार्थी मान हलवली. एकदाच, पण त्यात शंकेला जागा नव्हती.

"घरात येता का?"

त्यानं मुलाचा हात असा दाबला की सुनीलची बोटं पांढरी पडली.

खाट परत पुढच्या खोलीत आली. दुकानही झालं, पण अर्ध्या खोलीत. माझी तार आता खिडकीतून बाहेर निंबाच्या फांदीवर गेली आहे. शॉर्टवेव्हवर पूर्वीइतकी केंद्रं राहिली नाहीत, हे मी जाणतो. जी आहेत ती मी त्याला ऐकवतो. माझं अंग खरचटलंय, तार बांधलेला खुंट ओंगळ दिसतो. शोपीस म्हणून तर मी अगदीच निकामी ठरेन.

राग अजून गेलेला नाही, जाऊही नये. तुमच्या घरात कुणी गप्प पडून असेल, तर त्याच्या गप्प असण्याचा अर्थ परस्पर लावू नका. नख कशाला टेकतंय, ते बघा. एवढंच माझं मागणं आहे.

परवा मारेगावहून देवीलालचा साळा, जीवनमामा, भेटायला आला. दुकानातल्या बाकावर बसला आणि खाटेकडं पाठ करून सुनीलला म्हणाला, "कशी काय तब्येत हाये तुह्या बाची?"

देवीलालनं अंगठ्यानं मला बंद केलं. त्याला माणसांचं ऐकायचं होतं.

सुनीलनं तराजू खाली ठेवला. "मामा," तो म्हणाला, "बा तुमच्या मांगंच हायेत. त्यायलेच इचारा."