न कापलेलं फळ

सासूबाईंचा दराराच असा, की त्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात शिरल्या की माणसं खोकलासुद्धा गिळायची. लव्हाळ्यांच्या एका प्रजातीवर त्यांनी उभी हयात घातली होती. दिसायला सगळं गवतच, पण दांडा बोटांत फिरवला की तीन धारा लागतात, पानंही तीन बाजूंनी फुटतात आणि प्रत्येक फळ आपल्या इवल्याशा पिशवीत बंद असतं. जाती सगळ्या एकमेकींसारख्या. फरक काय तो त्या पिशवीच्या आत. म्हणून बाईंचा एकच धोशा, फळ कापल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

सून त्यांच्याच हाताखाली कामाला. घरी 'आई', इथे 'मॅडम'. चुकून आई म्हटलं की मॅडम ठार बहिऱ्या व्हायच्या.

सुनेचा नवरा दलदलीत बुडून गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. त्याआधी त्यानं तिथून एक लव्हाळा आणला होता. बाकीच्यांची फळं तिधारी, याची काळी आणि गोल. सासूबाई हरखल्या. आणखी पिकलेली फळं आण म्हणून त्यांनी त्याला परत धाडलं, तो आलाच नाही. त्या नव्या जातीला त्यांनी लेकाचं नाव दिलं आणि ते देशोदेशीच्या पुस्तकांत गेलं. खापर फुटलं ते मात्र सुनेच्या डोक्यावर. बायकोला अडवता आलं नाही का, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द शिकल्यासवरल्या बाईच्या तोंडी शोभत नाही, म्हणून तेवढा त्या नजरेनं म्हणायच्या.

सुनेनं सगळं गिळलं. पण परवा कपाट आवरताना, नवऱ्याचा लव्हाळा वाळवून चिकटवला होता त्या शीटवरचं एक फळ आपसूक गळून पडलं. तिनं ते भिंगाखाली धरून पातं लावलं, तर आत बी नव्हतंच. नुसती काळी भुकटी. काणी! बुरशीनं फळ फुगवून गोल केलं होतं. लव्हाळा तोच, कुठल्याही नाल्याकाठी माजणारा. नवी जात वगैरे काही नव्हतीच. बाईंनी जन्मात एकच फळ न कापता नाव ठेवलं होतं, लेकाच्या हातचं म्हणून.

तिला आधी रडू कोसळलं. एवढ्यासाठी गेला बिचारा. मग हसू आलं, आणि ते हसू तिला फार गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सगळे विद्यार्थी टेबलाभोवती असताना तिनं कापलेलं फळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, शेजारी शीट पालथी घातली आणि अगदी गरीब आवाजात म्हणाली, "एक नमुना अडलाय, मॅडम. नवी जात असेल का?"

सासूबाईंनी डोळा लावला आणि नाक मुरडलं. "काणी लागलीय. एवढंही दिसत नाही? याला नवी जात म्हणणाऱ्याला मी गवत कापायला धाडलं असतं. कचरा आहे, फेकून दे."

विद्यार्थी माना खाली घालून हसले. सुनेनं शीट सुलटी केली.

"याच्यावरचं आहे ते, आई."

या वेळी त्या बहिऱ्या झाल्या नाहीत. आपल्याच अक्षरातलं लेकाचं नाव त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. सुनेच्या काळजाला असा थंडावा कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

तिथली रीत अशी, की जुनं नाव खोडायचं नाही. शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी डकवायची आणि चूक ज्यानं पकडली त्यानं खाली सही करायची. चिठ्ठी सुनेनं लिहूनच आणली होती. काणी ओळखली बाईंनी, तर सहीही बाईंनीच करावी, असा तिचा बेत. तिनं चिठ्ठी आणि पेन पुढे सरकवलं.

सासूबाईंनी पेन उचललं, टोपण काढलं आणि ते सुनेच्याच हातात दिलं.

"कापलंस तू, सही तुझी," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. "माझ्या लेकाला एकदा दलदलीनं बुडवलं. दुसऱ्यांदा कुणी बुडवलं, ते इथं कायमचं दिसू दे."

सगळे बघत होते. माघार घेण्याची सोय उरली नव्हती. सुनेनं सही केली. तिचं नाव जरा वाकडं आलं. आडनाव मात्र स्वच्छ उमटलं. ते नवऱ्याचं होतं.